मिरजेचे जीव मिरजेला

१७ जानेवारी १९४४, सोमवार. सांगली

माझं अक्षर मलाच ओळखू येत नाहीये.

उद्या शिखरजीच्या यात्रेला निघायचं. थेट बिहारपर्यंत आगगाडी! मी मेली कोल्हापूरच्या पुढे कधी गेलेली नाही. पण अक्षर त्यामुळे बिघडलेलं नाही.

दुपारी नेमिनाथकाकांनी हळदीच्या वखारीत बोलावलं. काका म्हणजे माझे चुलत सासरे. मला आणि आत्तींना — म्हणजे माझ्या सासूबाईंना — तेच यात्रेला नेताहेत. काकांनी आधी दार लावलं. मग खिडकी लावली. मग पोत्यांच्या मागे कोणी नाही ना ते बघून आले. म्हणाले, "पुण्याला आपल्यात एक ब्रह्मचारी म्हाराज येणार हाईत. पांढरी वस्त्रं, डोस्कं भादरल्यालं. मौन हाय त्यांचं. बोलणार न्हाईत." मी म्हटलं, बरं. तर पुढे बोलेचनात! नुसतं माझ्या कपाळाकडे बोट केलं. कुंकवाकडे.

मी तिथेच पोत्यावर बसले. लुगडं मागून पिवळंजर्द झालं ते घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही.

हे! दीड वर्षानं ह्यांचं तोंड दिसणार!

बेचाळीसच्या भादव्यात ह्यांनी आणि ह्यांच्या मंडळींनी तारा तोडल्या, तेव्हापासून वॉरंट आहे. हे सापडेनात म्हणून पोलिसांनी मामंजींना नेलं. परत आले ते खोकतच. दिवाळीत गेले. त्या दिवशी आत्ती दारात उभ्या राहिल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझा ल्योक मेला! त्याचं तोंड बघायचं न्हाई मला!" त्यानंतर घरात ह्यांचं नाव निघालेलं नाही. गूळही त्यांनी त्याच दिवसांत सोडला. मामंजींच्या मागे सोडला असणार, त्यांना फार आवडायचा. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ, घरभर वास सुटतो, आणि ही बाई ढेपेकडे बघत नाही. परवा संक्रांतीला तिळगुळाचा दाणासुद्धा तोंडात घातला नाही.

आत्तींना काही कळता कामा नये, असं काकांनी तीन-तीनदा बजावलं. एक तर त्यांचा राग. दुसरं म्हणजे त्यांना हळू बोलता येत नाही. कानात सांगतात ते शेजारच्या परड्यात पोचतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे एवढं दिसतं, कोण ते नाही. आवाज मात्र लगेच ओळखतात. म्हणून हे मौन.

हे आणि मौन! झोपेतसुद्धा बोलणारा माणूस!

कटनीला उतरायचं त्यांनी. तिथे एका पाठशाळेत दुसऱ्या नावानं सोय केलीय. तिथवर पोचले की सुटले. मध्ये कुठे कोणी ओळखलं तर — नाही, ते लिहायचं नाही. ह्यांचं नाव मी तसंही घेत नाही, आता 'हे' सुद्धा लिहायचं नाही. महाराज. महाराज. महाराज.

१८ जानेवारी, मंगळवार. गाडीत

मिरजेलाच गाडी चुकायची होती. कशावरून? पाण्यावरून!

आत्ती गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. त्यात नवीन काही नाही, आम्हा जैनांत कोणीच पीत नाही. पाणी गाळलं की गाळण्यावर जी जिवाणी राहते — डोळ्यांना न दिसणारे जीव — ती धुऊन ज्या विहिरीचं पाणी तिलाच परत सोडायची. घरी सोपं आहे, विहीर परसात आहे. पण गाडीत? मिरजेचं पाणी पुण्यापर्यंत गाळून प्यायचं, मग जिवाणी सोडायची कुठे?

आत्तींनी उपाय आधीच करून ठेवलेला. पिशवीतून लहान लहान लोट्या काढल्या. दर ठिकाणची जिवाणी वेगळ्या लोटीत, तोंडाला फडकं, फडक्याला रंगीत दोरा. मिरजेला तांबडा. येताना ज्या त्या ठिकाणी उतरून ज्याची त्याला सोडायची!

काका म्हणाले, "आवं वैनी, पुण्याच्या पाण्यात सोडली तर काय हुतंय?"

"तुमास्नी इस्लामपूरच्या बाजारात सोडून आले तर काय हुईल? मिरजेचे जीव मिरजेला!"

इंजिन शिट्टी देतंय आणि आत्ती फलाटावर बसून सावकाश गाठ मारताहेत! हमालानं उचलूनच आत घातलं त्यांना.

कऱ्हाडला एक हवालदार चढला. हंबीरराव, शिराळ्याचा. रजा संपवून जबलपूरला पलटणीत निघालाय. म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत बरोबर! काकांच्या वळकटीवर खुशाल बसला आणि बसल्या बसल्या बोलायला लागला. मला ताई म्हणतो, आत्तींना आजी. माणूस वाईट नाही. पण सरकारी खाकी बघितली की मी कोपऱ्यात सरकते.

आणि बोलता बोलता काय सांगावं त्यानं! "आमच्या नागपंचमीला एकदा तुमच्यातला एक गडी आल्ता. म्हणतो कसा, नागाला काय भ्यायाचं! आन् नाग टोपलीतनं नुसता वर आला की गडी चिंचंवर! सांजच्यापतोर खाली उतरला न्हाई. लय हसलो बघा. वर बसून भडंग खात हुता. काय बरं नाव त्याचं… भूपाल!"

काकांना ठसका लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काय होतं देव जाणे.

आत्ती म्हणाल्या, "असल्या नावाचं लय असत्यात."

एवढंच. तोंड असं केलं की कडू काही खाल्लंय. अजून राग गेलेला नाही.

१९ जानेवारी, बुधवार. पुणे, मग घाट

आले.

फलाटावर लष्करी ट्रंका, हमाल, सोजीर, आणि त्यातून काहीतरी पांढरं चालत येताना दिसलं. डोकं गुळगुळीत. भुवया तेवढ्या ओळखीच्या. किती वाळलेत! कमंडलू कसा धरायचा ते कोणी शिकवलेलं नाही — परसाकडे निघालेला माणूस तांब्या धरतो तसा धरलेला! मला रडू आणि हसू एकदम आलं. पदर पुढे ओढला.

आणि मग ते झालं ज्याचा आमच्यापैकी कोणी विचारच केला नव्हता! आत्ती पुढे झाल्या. "म्हाराज कुठं हाईत?" म्हणत चाचपडत खाली वाकल्या आणि पाया पडल्या. आई, मुलाच्या! महाराज निखाऱ्यावर पाय पडल्यासारखे मागे सरकले. आत्तींनी पाय सोडले नाहीत. दोन्ही हातांनी धरून ठेवले. आई पाया पडली की मुलाचं आयुष्य घटतं म्हणतात. सोडा हो आत्ती, सोडा! पण म्हणणार कोण? कितीतरी वेळ तशाच वाकून होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "लय गार हाईत पाय. म्हाराजांस्नी चपला न्हाईत व्हय?"

"व्रत हाय," काका म्हणाले. काकांच्या कपाळावर घाम, जानेवारीत.

हंबीरराव महाराजांकडे टक लावून. "ह्यांस्नी कुठंतरी बघितल्यालं हाय गड्या."

"कारंज्याचे हाईत," काका.

"शिराळ्याला आल्तं काय कवा?"

महाराजांनी मान अशी जोरात हलवली की आल्याचं कोणालाही कळावं!

संध्याकाळ. कल्याणच्या अलीकडे लिहितेय. दुपारचं अजून लिहायचंय, आणि ते लिहिताना हसू येतंय याचीच लाज वाटतेय.

ब्रह्मचारी दिवसातून एकदाच जेवतात. हे आत्तींनीच सगळ्या डब्याला सांगितलं. कालपासून महाराज उपाशी. चारच्या सुमाराला गाडी घाटात आली तेव्हा आत्ती म्हणाल्या, आता वाढा. दशम्या, दाण्याची चटणी, लाडू. मी वाढलं. हात लागू नये म्हणून लांबून वाढलं, तरी बोट लागलंच. मेलं ते बोट अजून जळतंय.

महाराज जेवायला लागले. जेवायला कसले — तुटून पडले! दोन्ही गाल फुगलेले, डोळे मिटलेले. एक दशमी दोन घासांत. मी मनात म्हणतेय, हळू! व्रती माणसं अशी खातात का? हंबीररावानं विडी खाली धरली. टक लावून बघायला लागला. "ही खायाची तऱ्हा…" म्हणाला, "ही तऱ्हा मी कुठंतरी…"

आणि गाडी बोगद्यात शिरली. काळामिट्ट अंधार!

"सूर्य बुडाला!" आत्ती ओरडल्या. "म्हाराज, हात थांबवा! दिवस मावळला!"

सूर्यास्तानंतर आम्ही अन्न तोंडात घालत नाही, पण हा बोगदा होता! मी सांगायला गेले तर इंजिनाचा आवाज. काका ओरडताहेत, "आवं वैनी, बोगदा हाय बोगदा!" आत्ती ओरडताहेत, "दिवस बुडाला, थुका!" बाहेर पडलो तर लख्ख ऊन. महाराजांच्या हातात तिसरी दशमी, तोंडात अर्धा लाडू. काका म्हणाले, "बघा, ऊन हाय. जेवा म्हाराज."

"आता कसं जेवत्याल? अंतराय झाला की! एकदा हात थांबला की उद्याच. न्हाई व्हय म्हाराज?"

महाराजांनी दशमीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं, आणि ते भुकेनं! दशमी खाली ठेवली. चूळ भरली.

हंबीरराव इतका हसला की त्याची विडी खाली पडली. बोलत होता ते विसरला. पण आठवलं तर?

२० जानेवारी. कल्याण

मेलला पाय ठेवायला जागा नाही. उद्या पहाटेच्या पॅसेंजरनं जायचं. दिवसभर फलाटावर.

सकाळी आत्ती परत महाराजांच्या पाया पडल्या. परत तेवढाच वेळ.

दुपारी महाराज बाकावर झोपले आणि घोरायला लागले. ते घोरणं! आमच्या घरी पत्रे वाजायचे त्या घोरण्यानं. आत्तींना आवाजावरून माणूस कळतो, घोरण्यावरून नाही कळणार? मी केसातला आकडा काढून हळूच टोचायला गेले तर आत्तींनी माझ्या हातावर चापट मारली. "निजू दे की. लय दमल्यात." आणि स्वतः पदरानं माश्या वारत बसल्या.

देवा, कळलं नाही. वाचलो.

२१ जानेवारी, शुक्रवार. मनमाडच्या पुढे

मनमाडला काका विहीर शोधायला गेले. नळाचं पाणी आत्तींना चालेना, नळाची जिवाणी कुठे परत करायची? काका विहीर शोधताहेत आणि इकडे गाडी हलली! मी किंचाळले. काका एका हातात घागर, एका हातात धोतराचा सोगा, पळताहेत. हंबीररावानं दारातून हात घालून त्यांना घागरीसकट आत ओढलं. घागरीतलं अर्धं पाणी धोतरावर सांडलं. आत्तींनी विचारलं, "गाळून घ्यायाचं हाय अजून. सांडलं न्हाई न्हवं?" काका रडायचे बाकी होते. लोटीला निळा दोरा.

हंबीररावानं कांदाभजी घेतली आणि वर्तमानपत्र उघडून महाराजांच्या नाकासमोर खात बसला. महाराज पार खिडकीच्या गजाला नाक लावून बसले. मला त्या हवालदाराला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

दुपारी डबा पेंगत होता. आत्ती महाराजांसमोर हात जोडून बसल्या. बोलायला लागल्या, आपल्या त्या आवाजात.

"म्हाराज, मला एक ल्योक हुता."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे. आता काय करायचं?

"लय अवखळ. त्याच्यापायी पोलिसांनी ह्यांस्नी नेलं. ह्ये गेल्यावर मी दारात हुभी ऱ्हाऊन म्हटलं, माझा ल्योक मेला. समद्यांम्होरं म्हटलं. म्हाराज, आई बोलली म्हंजी ते खरं हुतंय व्हय?"

महाराजांनी मान हलवली. नाही.

"न्हाई न्हवं?"

परत नाही. डोळ्यांतून पाणी. मी पटकन म्हटलं, "आत्ती, इंजिनाचा धूर येतोय, महाराजांना त्रास होतोय." त्या ऐकताहेत कुठे!

"कुठं का असंना, येळंवर जेवावं त्यानं. सर्दी लवकर हुतीया त्याला. कानाला बांधावं. ह्यांचं जे झालं ते त्याच्यामुळं झालं न्हाई, ते पोलिसांमुळं झालं. हे मला उशिरा कळलं. मी अडाणी बाई."

मग म्हणाल्या, "बास. बोलून टाकलं. तुमी मौनात हाईसा म्हणून बरं." आणि सुपारी कातरायला घेतली.

मला कळेना की हे चांगलं झालं की वाईट. राग गेलाय त्यांचा! सांगून टाकावं का? काका म्हणाले, खबरदार. आनंदानं ओरडल्या तरी अख्खी गाडी गोळा होईल. खरं आहे. पण ही बाई मुलापासून हातभर अंतरावर बसून मुलासाठी झुरतेय आणि मला तोंड उघडता येत नाही. माझ्याच्यानं बघवत नाही हे. आणि मी? मी तरी काय करतेय दुसरं? मलाही एक शब्द हवाय त्यांच्या तोंडचा. एकच. गुणे म्हटलं तरी पुरे.

२२ जानेवारी, शनिवार. जबलपूर सोडलं

अक्षर परत तसंच येतंय. पण लिहिणार.

सकाळी इटारसीला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कुठे रूळ उखडलेत म्हणे. शिपाई डब्यात चढले, बरोबर एक साध्या कपड्यातला साहेब. एकेकाला नाव, गाव, कुठे चालला. ट्रंका उघड, वळकट्या सोड. पुढे सरकत सरकत महाराजांच्या अलीकडच्या बाकापर्यंत आला. मी णमोकार मंत्र म्हणत होते आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून धरत होते. काका तर काही बघतच नव्हते. डोळे मिटून बसले होते.

तेवढ्यात साहेबाला आत्तींच्या मांडीवरच्या लोट्या दिसल्या. तोंडं बांधलेल्या, रंगीत दोऱ्यांच्या. "इसमें क्या है?"

"हात लावू नगंस!" आत्ती. त्यांना हिंदी येत नाही, साहेबाला मराठी येत नाही. हंबीरराव मध्ये पडला.

"साब, बुढ्ढी बोलती है, हात मत लगाव. इसमें जीव है."

"किसका जीव?"

"मिरज का, साब."

साहेब एक पाऊल मागे गेला. "तेजाब है? बम का सामान?" हे डब्यातल्या सगळ्यांना कळलं. बाकं रिकामी झाली. एक शिपाई तर खालीच उतरला!

"खोलो."

आत्ती उघडू देईनात. बाहेर फेका म्हणाला, तर लोट्या छातीशी धरून उभ्या राहिल्या. "आधी मला फेका भाईर!" शेवटी साहेब म्हणाला, पाणी आहे ना, मग पिऊन दाखव.

हंबीररावानं सांगितलं तेव्हा आत्तींचा चेहरा पांढरा पडला. पिऊन दाखव! ज्या जिवांना पोटात जाऊ नये म्हणून जन्मभर पाणी गाळलं, तेच प्यायचे! "मरंन पर पिणार न्हाई!"

आता साहेबाची खात्रीच पटली. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि — देवा! — महाराजांकडे वळला. "महाराज, आप पीजिए." महाराज बसून. ते तरी कसे पितील, आई बघतेय! "बोलते क्यों नहीं?" साहेब वाकून त्यांचं तोंड बघायला लागला. अगदी जवळून. भुवया, नाक, हनुवटी. आता कोणत्याही क्षणी.

हंबीरराव उठला. आत्तींच्या हातातली तांबड्या दोऱ्याची लोटी काढून घेतली, फडकं फाडलं आणि घटाघटा पिऊन टाकली. मिशा पुसल्या. ढेकर दिला.

"पानी है, साब. थोडा पुराना है."

आणि आत्तींनी जो हंबरडा फोडला! "खाल्लीस! समदी खाल्लीस रं मुडद्या! मिरजेची समदी खाल्लीस!" दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीवर धपाधप मारताहेत, तो वाकून मार खातोय, "चुकलो आजी, चुकलो!" डबा हसून हसून लोळायला लागला. शिपाई हसले. साहेबही हसला, हात झटकला आणि खाली उतरला. महाराजांचं त्याच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही.

गाडी हलली तेव्हा मला कळलं की मी काकांचा दंड धरलाय. काकांच्या दंडावर माझ्या बांगड्यांचे वळ.

आत्तींनी हंबीररावाला प्रायश्चित्त सांगितलं, शनिवारी मटण बंद. त्यानं घासाघीस करून लढाई संपेपर्यंत कबूल केलं.

जबलपूरला तो उतरला. आत्तींच्या पाया पडला. महाराजांना रामराम केला. मग ट्रंक खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आला. इतके दिवस ताई ताई म्हणत होता. हळूच म्हणाला, "वैनी, जपून जावा."

वैनी! म्हणजे त्याला ठाऊक होतं! कधीपासून? घाटापासून? मी बघत राहिले तोवर खाकी गर्दीत खाकी मिसळून गेली. आणि मी त्याला ढकलून देणार होते.

संध्याकाळी. कटनी गेलं.

उतरले. कोणी अडवलं नाही. पाठशाळेचे गृहस्थ न्यायला आले होते. सुटले!

उतरण्याआधी आत्तींनी पिशवीतून मामंजींची लोकरीची शाल काढली. शिखरजीला दान द्यायची म्हणून घरून आणलेली. ती महाराजांच्या हातात ठेवली. "तिथवर कशाला वाहून न्यायची? जड हुतीया." उरलेल्या दशम्या आणि लाडूही बांधून दिले. मग पाया पडल्या. शेवटचं म्हणून की काय, आजचा वेळ सगळ्यांत जास्त. काकांनी गाडी सुटेल म्हणून हाक मारली तेव्हा हात सोडले.

मीही पाया पडले. त्याला कोणाची ना असणार! पायाची बोटं एकदा आक्रसली आणि सैल झाली. बोलले नाहीत. मला वाटलं होतं, निदान आता. पण मौन ते मौन.

गाडी सुटली. ते खिडकीबरोबर चालत आले, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आणि आत्ती खिडकीतून ओरडल्या, "म्हाराज, कानाला बांधा!"

२७ जानेवारी. शिखरजी

डोंगर चढलो. आत्ती डोली घेईनात, माझ्या खांद्याला धरून सगळा डोंगर चढल्या. काहीच मागितलं नाही म्हणाल्या. मी मागितलं.

५ फेब्रुवारी. मिरज

परतीच्या वाटेवर सगळ्या लोट्या ज्याच्या त्याला पोचवल्या. मनमाडला विहिरीपर्यंत काका पळत गेले आणि पळत आले, या वेळी धोतर आधीच खोचून. पोलीस ठाण्यासमोरून टांगा गेला तरी आता मी पदर पुढे ओढत नाही. जरा ओढते.

तांबड्या दोऱ्याची लोटी रिकामीच. तरी आत्तींनी ती मिरजेच्या विहिरीत विसळायला लावली. "एखादा ऱ्हायला असंल तळाला."

६ फेब्रुवारी, रविवार. सांगली

दुपारी आत्ती म्हणाल्या, "गुणे, गूळ आण." मला वाटलं यात्रेची विचारपूस करायला येणाऱ्यांसाठी. आणला. त्यांनी खडा फोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला!

"आत्ती! मामंजींच्या मागे सोडला होतात ना?"

"त्यांच्या मागं कशाला? त्यो भेटंपतोर सोडला हुता."

माझ्या हातातलं ताट खाली. "मग आज कसा…"

"पुण्यालाच फिटला की त्याग. पर वाटंत बाजारचा गूळ कोण खाईल? घरचा पायजे."

खाली बसले. विचारलं, मग घाटात त्यांच्या तोंडचा घास का काढलात? तर म्हणाल्या, "त्यो हवालदार वळखाय लागला हुता. बोगदा काय मला कळत न्हाई व्हय?"

चघळत बसल्या, डोळे मिटून. या खेपेला आवाज इतका हळू की मलाच कसाबसा ऐकू आला: "पाय लय वाळल्यात गं त्याचं."

रोज सकाळी त्या दोन्ही हात तिथे ठेवून वाकून राहायच्या, आणि मला वाटायचं, एवढा वेळ काय करतात.